माळ्यावरचा डबा: काडतुसांच्या नोंदी

२० जानेवारी २०२४, शनिवार

गोठा उतरवायला आज सुरुवात केली. गुरं जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तिथे फुटकी कौलं, सुंभ आणि मुंगूस. पावसाआधी कौलं काढायची, कुजलेले वासे बदलायचे आणि एक खोली करायची, एवढाच प्रकल्प. ही वहीसुद्धा त्याच हिशेबासाठी: किती कौलं शाबूत, किती वासे बाद, गवंड्याला किती दिले. पहिल्याच दिवशी वही भलतीकडे गेली.

माळ्यावर गवताखाली डालड्याचा पिवळा डबा निघाला. आकाराच्या मानाने भलताच जड. झाकण गंजून बसलं होतं, उलथन्याने उचकटलं. आत मेणकापड आणि मेणकापडात काडतुसं. वरचं एक हातात घेतलं. विटकरी कागदाची नळी, बुडाला पितळेची टोपी, टोपीच्या कडेने हिरवा थर. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक राहिलं की कडेला जो हिरवा कळंक धरतो, तोच रंग.

आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक अजून घरात आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावर, आता काकांच्या नावावर. आजोबा १९८७ ला गेले. तेव्हा बंदूक ठाण्यात जमा झाली, कागदपत्रं फिरली, काकांना परवाना मिळाला, बंदूक परत आली. डबा मात्र माळ्यावरच राहिला. "आसा खंयतरी म्हणान म्हायत होता," काका म्हणाले.

काकी पडवीतूनच ओरडली, "आधी तां घरातसून भायर काड."

डबा मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, नेऊन ठेवला. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

२१ जानेवारी, रविवार

मोजदाद. रबरी हातमोजे घालून, सुपात जुनी चादर अंथरून, एकेक. घासायचं नाही, तेल लावायचं नाही, हलवून कानाशी न्यायचं नाही, हे आधी ठरवलं. तेल कॅपच्या, म्हणजे बुडाच्या मधोमध ठोका बसला की पेट घेणार्‍या बारीक वाटीच्या, फटीतून आत झिरपतं आणि चांगल्या काडतुसाचंही मातेरं करतं.

इले-किनॉक या इंग्रजी कंपनीचा खोका, मूळचा २५ चा, त्यात १९. सुटी कागदी ११. खडकीच्या कारखान्याची प्लास्टिकच्या नळीची ४. आणि तळाशी, वेगळ्या फडक्यात, लोखंडी पट्टीत अडकवलेली पाच लांब पितळी काडतुसं. एकूण ३९.

ती पाच पाहून काका गप्प झाले. ती बंदुकीची नाहीत, रायफलची. आमच्या घरात रायफल कधीच नव्हती.

सुट्या अकरांतलं एक बाकीच्यांपेक्षा बारीक लागलं. आधी वाटलं, सुकून आक्रसलं असेल. बुडावर आकडा २०. म्हणजे वीस बोअरचं. बोअर हे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक. ते आपल्या डब्यात कसं आलं, कोण जाणे. आजोबांकडे पारध करणारी मंडळी उतरायची, त्यांतल्या कुणाचं तरी राहिलं असावं.

व्हर्निअर लावला. बाराच्या कागदी काडतुसांची जाडी बुडाशी सव्वावीस मिलिमीटरच्या आसपास हवी. २९ पैकी १२ मधोमध फुगलेली, एकवीसपर्यंत गेलेली. ही नळीत ठोकून बसवावी लागली असती. कोकणात ३७ पावसाळे खाल्लेला कागद आणखी काय करणार?

वरच्या तोंडाला कागदाची चकती असते, तिच्यावर छर्‍याचा नंबर छापलेला. खोक्यातल्या चकत्यांवर एल. जी. हा सगळ्यांत जाड छर्रा, औंसाला सहा. सुट्यांत काही चार नंबर. दोन चकत्या झुरळांनी खाल्ल्या होत्या आणि आतून शिसं दिसत होतं, पांढुरक्या पिठात घोळवल्यासारखं. ते पीठ शिशाच्याच गंजाचं. हात दोनदा धुतले, चादर जाळली नाही, पुरली.

२८ जानेवारी, रविवार

पुण्याला परत. भिंगातून काढलेले फोटो मोठे करून बुडावरचे शिक्के वाचत बसलो.

लांब पाच काडतुसांवर के, मध्ये बाण, एफ, ४२ आणि रोमन सात. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. ४२ म्हणजे १९४२. रोमन सात म्हणजे .३०३ या लष्करी रायफलच्या काडतुसाची सातवी आवृत्ती, मार्क सेव्हन, जी १९१० पासून चालत आली: १७४ ग्रेनची टोकदार गोळी, वेग सेकंदाला अडीच हजार फुटांना थोडा कमी. कॅपभोवती जांभळी कडी अजून दिसते. साध्या गोळीची ती खूण. माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर बनलेली वस्तू कुडाळच्या गोठ्यात सापडावी आणि मी ती पुण्यात बसून वाचावी, याची गंमत वाटली. गंमत पाच मिनिटं टिकली, कारण पुढच्याच फोटोत तडा दिसला.

पाचांपैकी दोघांच्या मानेवर, गोळी जिथे पितळेत रुतते तिथे, केसाएवढी उभी चीर. कुणी आपटल्याची नव्हे. आत ताण असलेलं पितळ उकलतं तशी.

याची एक जुनी गोष्ट आहे आणि ती इथलीच आहे. इंग्रजी फौजेला हा अनुभव हिंदुस्थानात आला. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत, तेव्हा काडतुसांचे साठे तबेल्यांत ठेवले जात. कोरडे दिवस आल्यावर काढावेत तर पितळेला तडे. ऋतूबरोबर फुटतात म्हणून त्याला नावच पडलं सीझन क्रॅकिंग. खरं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि नळी ओढून घडवताना पितळेत उरलेला ताण. दोन्ही भेटले की चीर.

आमचा डबा कुठे होता? गोठ्यावर. खाली दोन म्हशी आणि बैलजोडी, जवळजवळ तीस वर्षं. घोडे नव्हते एवढाच फरक.

एक सुटी नोंद: काडतूस हा शब्द पोर्तुगीज कार्तुशवरून आला. पिस्तूलही त्यांचंच. आमच्या गावापासून गोव्याची हद्द तासाभरावर, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे पुण्याआधी पोचला असणार असं मला उगाच वाटत आलंय.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज पुन्हा गावी. वासे: सतरांपैकी सहा बाद. सुतार सोमवारी येतो म्हणाला. कुठला सोमवार ते नाही म्हणाला.

दुपारी काकांशी बोलणं झालं. त्यांचं मत सरळ आहे. "फेकूक कित्या व्हयी? वडलांनी मुंबयसून हाडलेली ती. एक बार काडून बगूया, वाजता की नाय तां."

परवान्याचं जुनं पुस्तक काढलं. पहिलं पान १८७८ च्या कायद्याखालचं, शिक्का रत्नागिरीचा, वर मुंबई राज्य. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता आणि महाराष्ट्रही नव्हता. १९५८ ची नोंद: बारा बोअर काडतुसं, नग २५, दुकानाचा शिक्का पुसट. म्हणजे हाच खोका. आत १९ उरली, सहा गेली. त्यांतली दोन काकांनीच उडवली हे पुढे कळलं. राहिली चार. २९ वर्षांत चार. आजोबांनाही ती वापरायची नव्हती, ती असावीत एवढंच हवं होतं, असं मला वाटतं. काकांना पटलं नाही.

मग त्यांनी २००९ ची गोष्ट सांगितली, आणि ती हसत हसत सांगितली. मी हसलो नाही.

भात पोटरीला आलं होतं, रात्री डुकरं उतरत होती. काका बंदूक घेऊन मळ्यात गेले. नवी काडतुसं संपली होती, कपाटात या खोक्यातली दोन होती. हवेत बार काढायचा, आवाजाने डुकरं पळतात. पहिलं काडतूस: घोडा पडला, टक् वाजलं, बार नाही. काका नळी वर धरून तसेच उभे राहिले. किती वेळ, विचारलं. "इडी पेटवन अर्दी हुयसर," म्हणाले. बिडीचा सल्ला कुणालाच देणार नाही, पण थांबले हे बरोबर. जुनी कॅप कधी कधी धुमसते आणि दोन-चार सेकंदांनी पेट घेते. टक् वाजल्याबरोबर बंदूक उघडणार्‍याच्या तोंडावर ते काडतूस फुटतं.

दुसरं काडतूस त्याहून वाईट. ते वाजलं, पण कसं? फुस्स. खांद्याला धक्का नाही, तोंडाशी जाळ नाही. आपण ज्याला फुसका बार म्हणतो तो अक्षरशः. काकांनी बंदूक उघडली, काडतूस काढलं आणि सवयीने नळी चंद्राकडे धरून आरपार पाहिलं. डाव्या नळीत चंद्र दिसला. उजवीत दिसला नाही.

दारू दमट. जेमतेम पेटली, छर्‍यांमागचं बुच आणि छर्रे अर्ध्या नळीपर्यंत ढकलले आणि विझली. सकाळी कळकाची काठी घालून त्यांनी ते हुसकलं, तेव्हा नमद्याचं बुच आणि मूठभर छर्रे खळ्यात पडले. आधी चंद्राकडे न बघता उजव्या नळीत तिसरं काडतूस घातलं असतं तर? काकांनी डावा हात पुढे करून दाखवला, जो त्या जागी नळीखाली असतो.

"तरी एक बार काढून बघायचा?" मी.

"तेवा पावस होतो," काका. "आता थंडी आसा."

१० फेब्रुवारी, शनिवार

कोल्हापूर. तिथल्या एका जुन्या परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो. फक्त फोटो आणि मापं नेली, काडतूस एकही नाही. माझ्या नावावर परवाना नाही, त्यामुळे गाडीत एक जरी सापडलं तरी ते बाराचं की बाविसाचं याने फरक पडत नाही.

म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर, बोलणं थोडं. खोक्याचा फोटो बघून म्हणाले, "इले. हे एल. जी. म्हणजे शिकार्‍यांचा जीव की प्राण होता हो." मग चष्मा खाली आला आणि स्वर बदलला.

त्यांनी पहिल्यांदा बोट ठेवलं ते वीस बोअरच्या एकावर. मला ते डब्यातलं सगळ्यांत निरुपद्रवी वाटलं होतं. त्यांच्या मते तेच सगळ्यांत घातक. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर मागे अडत नाही, घसरून पुढे जातं आणि नळी अरुंद होते तिथे अडकून बसतं. मागून बघाल तर काडतूस बसायचं घर रिकामं. माणसाला वाटतं घालायचं राहिलं, तो बाराचं घालतो, घोडा ओढतो. पुढे जे होतं ते त्यांनी हाताने दाखवलं, बोटं फाकवून. म्हणून आता वीस बोअरच्या काडतुसांच्या नळ्या पिवळ्या करतात, अंधारातही चूक होऊ नये म्हणून. आमचं जुनं, विटकरीच होतं.

मग बंदुकीबद्दल विचारलं. नळ्या उतरवल्यावर बुडाला काय शिक्के आहेत? ते फोटो काढून आणले होते. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमच्या परीक्षेचे शिक्के, नायट्रो प्रूफ, आणि १२ च्या खाली अडीच इंच. म्हणजे धूरविरहित दारूला चालते, पण तिचं घर अडीच इंचाचं, ६५ मिलिमीटर. नवं काडतूस घेताना खोक्यावर ६५ आहे की ७० ते वाचायचं. ७० चं आत बसतं, हीच फसगत. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. माझ्या जुन्या काडतुसांच्या प्रश्नाला हे नव्या काडतुसांचं उत्तर मिळालं, पण नोंद करून ठेवतो, कारण काका आजवर "बाराचं द्या" एवढंच म्हणत आलेत.

जुन्यांचं काय? ते विकत घेणार नाहीत. फुकटही नाही. त्यांच्या रजिस्टरला ती चढवता येत नाहीत. वापरू का, यावर त्यांचं उत्तर: "पंधरा वाजतील, दहा फुसके जातील, दोन अडकतील. कुठले दोन, ते सांगा मला."

११ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर तेच डोक्यात. बाहेरून चांगलं दिसणारं काडतूस आतून कसं आहे हे न उडवता कळत नाही, आणि उडवून कळलं तर ते फक्त त्या एकाचं कळतं. इंजिनिअरिंगमध्ये आपण नमुना तपासून सगळ्या लॉटचा अंदाज बांधतो. पण तो लॉट एका जागी, एका हवेत राहिलेला असावा लागतो. इथे खोक्याच्या वरच्या थराने गोठ्याची वाफ घेतली, तळचा थर कोरडा राहिला. दहा वाजले तरी अकराव्याची हमी नाही.

आतल्या दारूचं काय होतं तेही वाचलं. धूरविरहित दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ती हळूहळू स्वतःच विघटित होत जाते, आम्ल सोडते, आणि ते आम्ल तिलाच आणखी खातं. हे थोपवायला डायफिनिलअमाइनसारखं द्रव्य घालतात, ते आम्ल शोषत राहतं आणि एक दिवस संपतं. उष्णता आणि दमटपणा दोन्ही असतील तर तो दिवस लवकर येतो. .३०३ मध्ये दाणेदार दारू नव्हे, कॉर्डाइटच्या शेवया असतात: नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडं व्हॅसलीन. ॲबेल आणि ड्यूअर यांनी १८८९ ला पेटंट घेतलेली कृती. आपल्याकडे ती निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्यात बनायची.

हे वाचून काकी घाबरली की डबा आपोआप फुटेल. तसं नाही, हे तिला नीट सांगितलं. खाणीतली जुनी जिलेटीनची कांडी घाम सोडायला लागली तर ती वेगळी गोष्ट, तिला हातच लावायचा नाही, माणसं लांब करायची आणि पोलिसांना बोलवायचं. काडतूस सावलीत, कोरड्यात पडून असेल तर पडून राहतं. चुलीत टाकलं किंवा पालापाचोळ्याबरोबर जाळलं तर मात्र टोपी आणि पितळेचे तुकडे उडतात. विहिरीत टाकायचा सल्ला शेजारच्या अण्णांनी दिला. त्याच विहिरीचं पाणी ते पितात.

आणखी एक गोष्ट बंदुकीच्या बाजूने. जुन्या कॅपांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की नळीत त्याचं मीठ उरतं, आणि मीठ पावसाळ्यात काय करतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. बरणीतलं पाणी सोडतं, नळीतलं गंज सोडतं. तेल पुसून ते जात नाही, उकळतं पाणी ओतून धुवावं लागतं. गोरे शिपाई .३०३ च्या नळीत नरसाळ्याने गरम पाणी ओतायचे ते यासाठीच.

म्हणजे वापरण्याच्या बाजूला एक धडाका आणि काकांचं समाधान. विरुद्ध बाजूला बर्मिंगहॅमची नळी, जी आता कुणी बनवून देणार नाही, आणि काकांचा डावा हात. इतक्यावर मिटायला हवं होतं. मिटलं नाही, कारण मलाच आता ती ठेवावीशी वाटायला लागली. नुसती ठेवावी, काचेच्या कपाटात. तो खोका, ते शिक्के, १९५८. परदेशात लोक हे जमवतात, रिकामे खोकेसुद्धा विकले जातात.

२ मार्च, शनिवार

ही नोंद या वहीत पहिली हवी होती.

वकिली करणार्‍या मित्राला सहज फोन केला, काचेच्या कपाटाबद्दल विचारायला. त्याने बाराच्या काडतुसांबद्दल ऐकून घेतलं आणि .३०३ शब्द आला तिथे मला थांबवलं. "ती अजून घरात आहेत?"

.३०३ हा प्रतिबंधित बोअर. त्याचा साधा परवाना कुणालाच नसतो, काकांनाही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बाराच्या काडतुसाला एक वागणूक आहे, याला दुसरी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. बंदूक नसताना नुसती गोळी असली तरी ती दारूगोळाच. आपल्याला घरात सापडली, ताबा कायदेशीर नाही हे कळलं, की विनाविलंब जवळच्या ठाण्यात जमा करायची. कलम २१ परवाना संपलेल्यांसाठी हेच सांगतं. "विनाविलंब म्हणजे सहा आठवडे नव्हेत," तो म्हणाला.

सहा आठवडे मी शिक्के वाचत होतो, तड्यांचे फोटो काढत होतो, पोर्तुगीज शब्दांत रमलो होतो. कोल्हापूरला जाताना एकही काडतूस गाडीत नको एवढी अक्कल होती, आणि मांगराला लावलेलं कुलूप म्हणजे कायदा असं मात्र मी धरून चाललो होतो.

रात्रीच्या बसने गावी.

४ मार्च, सोमवार

सकाळी काकांना घेऊन ठाण्यात गेलो. डबा घेऊन नाही, अर्ज घेऊन. अर्जात काय, कुठे, केव्हा सापडलं, कुणी हाताळलं. २० जानेवारी ही तारीख खरी लिहिली. हवालदारांनी ती वाचली, वर बघितलं, पुढे वाचलं.

दुपारी घरी आले. मांगर उघडून दिला. पाच नग पट्टीसकट मोजले, शिक्के लिहून घेतले, दोन शेजारी पंच. अण्णाही पंच, ज्यांनी विहिरीचा सल्ला दिला होता. त्यांनी पंचनाम्यावर गंभीरपणे सही केली. पाकीट बंद, लाख, पोच. साहेबांनी विचारलं, फौजेत कोण होतं घरात? काका म्हणाले, आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते, इटलीला गेले होते, ४६ ला परत आले. त्यांनीच आणली असतील का? मला तसं लिहायचा मोह झाला. साहेबांनी लिहून घेतलं: "सांगता येत नाही."

बाराच्या काडतुसांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, परवाना आहे, काका परवानाधारक आहेत, मुदतीत ठरवा आणि अर्ज द्या. पण वीसचं आत्ताच द्या. ते दिलं.

काका संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो काको माका खांद्यार घेवन जत्रेक नेय." एवढंच.

१६ मार्च, शनिवार

दुपारी तीनला लोकसभा निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागू. आमच्या मतदारसंघात मतदान ७ मे ला. म्हणजे दोन दिवसांत बंदुका जमा करायचा निरोप येणार. दर निवडणुकीला काका तक्रार करतात, की डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. ते खरंही आहे.

गोठा: वासे चढले. रिपा मारायला घेतल्या. कौलं ४०० कमी पडतात. वानरांनी शेजारच्या माडावरून उड्या मारून नव्या रिपांतल्या दोन मोडल्या. पोरं हल्ली पाइपात कार्बाइड घालून वानरं पळवतात. एकाच्या भुवया त्यात गेल्यात. त्याबद्दल वेगळी वही लागेल.

१९ मार्च, मंगळवार

निरोप आला. काकांनी बंदूक उघडली, नळ्या वेगळ्या केल्या, उजेडाकडे धरून दोन्हींतून पाहिलं, नेहमीसारखं. पुसल्या. घोंगडीत गुंडाळल्या. मी बोलणार नव्हतो, ठरवलं होतं.

ते आत गेले आणि डबा घेऊन आले. पडवीत बसून एकेक काडतूस काढून खोक्याबाहेर ठेवायला लागले. फुगलेली बारा एकीकडे. टोपीला कळंक धरलेली आठ दुसरीकडे. उरलेली नऊ हातात घेऊन फिरवून पाहिली. ती खरंच चांगली दिसत होती. एकाची चकती नखाने दाबली, घट्ट होती. नाकाशी नेलं, वास घेतला.

"ह्यां एक वाजतला," म्हणाले.

"वाजेल."

"पन खयचा अडकात तां तुका म्हायत नाय."

"नाही."

"माका पन नाय." आणि ते त्यांनी आठांत ठेवलं.

खडकीची चार प्लास्टिकची निराळी काढली. ती किती जुनी, विचारलं. १९८५-८६ ची असावीत. प्लास्टिक शाबूत, टोप्यांना गंज. तीही गेली. घरातली २०१८ ची पाच बंदुकीबरोबर रीतसर जमा, ती परत येणार. ही ३३ वेगळ्या अर्जाने, जुनी व निकामी, परत नकोत, नाश व्हावा. अर्ज मी लिहिला, सही त्यांची. वडलांचं नाव पूर्ण लिहिलंस का, एवढं दोनदा विचारलं.

खोका त्यांनी दिला नाही. रिकामा पुठ्ठा आहे, त्याला कायद्यात काही अडचण नाही, हे मित्राला विचारून खात्री करून घेतली. तो परवान्याच्या जुन्या पुस्तकाबरोबर कपाटात, वरच्या खणात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार उभ्या रेघा आहेत, आजोबांच्या हातच्या. चार बार. जानेवारीत मोजदाद करताना मी बुडावरचे शिक्के भिंगाने वाचले आणि या रेघा पाहिल्याच नव्हत्या.

२२ जून, शनिवार

पाऊस आठ दिवस लागून आहे. खोली तयार, एका कोपर्‍यात गळते. कौल सरकलंय, वानरांनीच.

बंदूक गेल्या आठवड्यात परत मिळाली, पाच काडतुसं बरोबर. .३०३ बद्दल एकदा जबाबाला बोलावलं होतं, काकांनी तेच सांगितलं जे पहिल्यांदा सांगितलं होतं. पुढे काही आलेलं नाही. काका नवी दहा घ्यायला कोल्हापूरला जाणार आहेत. खिशातल्या चिठ्ठीवर माझ्याकडून लिहून घेतलंय: बारा बोअर, ६५ मिलिमीटर.

डालड्याचा डबा काकीने राखेने घासला. काजूच्या बिया भरायला निघाली होती, मी नको म्हटलं, शिशाचं पीठ होतं त्यात. मग त्यात रिपांचे उरलेले खिळे भरलेत.